एमएलटीचा अभ्यास कसा करायचा: आकडा पेशंटचा की बल्बचा?

माझ्या मावसबहिणीची मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, बायोलॉजी आवडतं पण नीटचा स्कोअर काही धड आला नाही, तर तिने विचारलं मावशी तू केलास तो लॅबचा कोर्स (एमएलटी, म्हणजे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी) मी केला तर चालेल का आणि त्याचा अभ्यास कसा करतात. तिला उत्तर देता देता माझ्या सतरा व्हॉइस नोट झाल्या, त्यातल्या अर्ध्या लोकलच्या आवाजात गेल्या, म्हणून म्हटलं सगळं एकदा लिहूनच काढू, तुमच्यातल्याही कोणाला उपयोग होईल. मी परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, डोंबिवलीहून येते जाते, आधी डीएमएलटी केलं आणि मग डिग्री, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलंय.

आधी ॲडमिशनचं उरकून टाकते. बारावीला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी लागतं. नावांचा मात्र भयंकर गोंधळ आहे, डीएमएलटी म्हणजे डिप्लोमा, डिग्रीला कुठे बीएससी एमएलटी म्हणतात कुठे बीएमएलटी, आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी नावाचा कोर्स असतो ज्यात ३ वर्षं शिकायचं आणि १ वर्ष इंटर्नशिप, तो मेडिकल कॉलेजांमधून चालतो. प्रवेशाचे नियम बदलत राहतात म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या ताईचं ऐकून बसू नका, त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. २०२१ ला केंद्र सरकारने अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्यात मेडिकल लॅब सायन्सवाले पण येतात, म्हणजे पुढे रजिस्ट्रेशन, कोर्सचे तास, हे सगळं कडकच होत जाणार. त्यामुळे स्टेशनबाहेर "६ महिन्यांत लॅब टेक्निशियन व्हा" असे बोर्ड असतात ना तिकडे आईबाबांचे पैसे घालू नका. डिग्री कुठल्या युनिव्हर्सिटीची मिळणार, ती यूजीसीच्या यादीत आहे का, आणि राज्याच्या पॅरामेडिकल काउन्सिलमध्ये त्या डिग्रीवर रजिस्ट्रेशन होतं का, हे तीन प्रश्न तोंडावर विचारायचे. समोरचा "होऊन जाईल हो" म्हणाला की तिथून निघायचं.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती मी सांगते, कॉलेज बघायला दुपारी जाऊ नका, सकाळी साडेआठ नऊला जा आणि त्यांच्या हॉस्पिटलच्या कलेक्शनच्या खिडकीसमोर अर्धा तास नुसते उभे राहा. रांग आहे का, ट्रे भरून बल्ब (रक्त घ्यायच्या छोट्या नळ्या) आत जातायत का, ॲप्रन घातलेली पोरं स्वतः ब्लड काढतायत की भिंतीला टेकून मोबाइल बघतायत. ज्या कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल नाही किंवा आहे पण रिकामं आहे, तिथे तुम्ही तीन वर्षं चार्टवरच्या पेशी बघणार. एसी लॅब आणि चकचकीत मशीन बघून भुलू नका, सॅम्पल नसतील तर मशीन म्हणजे शोकेस आहे.

अजून एक, पुष्कळ जण या लाइनला येतात ते "डिग्री झाली की बदलापूरला आपली लॅब टाकायची आणि आपणच सही करायची" या हिशोबाने. तसं होत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१७ ला स्पष्ट केलंय की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पोस्ट ग्रॅज्युएशन केलेल्या रजिस्टर्ड डॉक्टरचीच पाहिजे. हे आधी माहीत असलं की नंतर रडारड होत नाही.

आता अभ्यास. पोरं काय करतात, नॉर्मल व्हॅल्यूचा तक्ता भिंतीवर चिकटवतात आणि रट्टा मारतात. हिमोग्लोबिन एवढं, पोटॅशियम ३.५ ते ५.१, कॅल्शियम ८.५ ते १०.५. अरे ते तर रिपोर्टवर छापलेलंच असतं! ते पाठ नाही झालं तरी चालेल असं मी म्हणत नाही, व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) विचारतात, पण तुम्हाला पगार मिळणार आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, मशीनने दिलेला आकडा खरा आहे का हे ओळखण्याचा.

मला हे कसं कळलं ते सांगते, डीएमएलटीला इंटर्न होते तेव्हाची गोष्ट, हॉस्पिटलचं नाव जाऊ दे. एका वॉर्डातून सॅम्पल आलं, मी मशीनला लावलं, पोटॅशियम आलं ९.२ आणि कॅल्शियम ३.१. मी घाबरून क्रिटिकल व्हॅल्यू, म्हणजे जिवाला धोका असलेला आकडा, म्हणून वॉर्डला फोन लावायला निघाले तर आमच्या सिनियर मॅडम म्हणाल्या थांब, फोन लाव पण आधी विचार पेशंट काय करतोय. सिस्टरने सांगितलं बसलाय बेडवर, इडली खातोय. एवढ्या पोटॅशियमला माणसाचं हृदय बंद पडायची वेळ येते, इडली कसला खातोय! मग निघालं असं की प्लेन बल्बमध्ये ब्लड कमी पडलं म्हणून कोणीतरी जांभळ्या टोपीच्या बल्बमधलं थोडं त्यात ओतून भर घातली होती. जांभळ्यात असतं ईडीटीए, तेही पोटॅशियमचं सॉल्ट, म्हणून पोटॅशियम आभाळाला, आणि ईडीटीए कॅल्शियमला पकडून ठेवतं म्हणून ब्लड गोठत नाही आणि म्हणूनच कॅल्शियम पाताळात. अल्कलाइन फॉस्फेटेस लावलं असतं तर तेही पडलेलं दिसलं असतं, त्या एन्झाइमला झिंक मॅग्नेशियम लागतं ते पण ईडीटीएने धरलेलं. म्हणजे तो रिपोर्ट पेशंटचा नव्हताच, बल्बचा होता.

त्या दिवशी मी एक वही घातली आणि तीच माझी अख्ख्या डिग्रीची गाइड झाली. प्रत्येक टेस्टला एक पान. वर टेस्टचं नाव, प्रिन्सिपल दोन ओळीत, कुठल्या टोपीचा बल्ब आणि का, आणि बाकी सगळं पान एकाच गोष्टीला: हा आकडा कशाकशाने खोटा येऊ शकतो. उदाहरणार्थ ग्लुकोज. राखाडी टोपी, फ्लोराइड, कारण साध्या बल्बमध्ये पेशी जिवंत असतात आणि त्या बसल्या बसल्या साखर खातात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के, म्हणजे कल्याणच्या कलेक्शन सेंटरहून सॅम्पल दोन तास बाइकवर फिरत आलं तर पेशंटची शुगर कंट्रोलमध्ये आहे असा सुंदर गैरसमज होणार. मग मेथड जीओडी-पीओडी, त्यात व्हिटॅमिन सी जास्त असेल तर आकडा खोटा कमी. क्रिएटिनिनला जॅफे मेथड, तर डायबेटिक पेशंटला कीटोन असतील तर खोटं जास्त. पोटॅशियमच्या पानावर हिमोलिसिस, कारण लाल पेशींच्या आत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, बारीक सुईने जोर लावून ओढलं किंवा बल्ब शेकहँडसारखा गदागदा हलवला की पेशी फुटणार, त्याबरोबर एलडीएच आणि एएसटी ही लाल पेशींतली एन्झाइम पण वर. अशी पानं भरत गेलात ना की थिअरी वेगळी पाठ करावीच लागत नाही, प्रिन्सिपल कळल्याशिवाय खोटं कुठून येतं ते लिहिताच येत नाही.

बल्बांचा क्रम हा तर परीक्षेतला हमखास प्रश्न. आधी ब्लड कल्चर, मग निळा सायट्रेट, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा हेपारिन, मग जांभळा, शेवटी राखाडी. मी असं लक्षात ठेवलं: काल नितीन लालबागला हिंडला, जाम रागावला. कल्चर निळा लाल हिरवा जांभळा राखाडी. हसा पण विसरणार नाही. क्रम का तर वरची इडलीची गोष्ट परत वाचा, जांभळ्यातलं काही सुईबरोबर पुढच्या बल्बात जाऊ नये म्हणून. आणि निळा बल्ब खुणेपर्यंतच भरायचा, त्यात ९ भाग ब्लड १ भाग सायट्रेट असा हिशोब असतो, कमी भरलात की सायट्रेट जास्त होतं आणि पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) विनाकारण लांबतं, मग त्या आकड्यावर उगाच कोणाचं तरी ऑपरेशन पुढे ढकललं जातं.

हिमॅटॉलॉजी, म्हणजे रक्तपेशींचा विषय, मला सगळ्यात आवडते म्हणून जरा जास्त बोलते. मुंबईत जून ते ऑक्टोबर म्हणजे आमचा सीझन, मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, लॅबमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि शिकायचं असेल तर याच महिन्यांत पोस्टिंग मागून घ्या, बाकीची पोरं टाळतात. डेंग्यूच्या दिवसांत नातेवाईक प्लेटलेटवर डोळे लावून बसलेले असतात. मशीनने २८ हजार दिलं की पोरं लगेच ओके करतात. थांबा, स्मिअर (स्लाइडवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) बघा. काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात आणि मशीन त्या गठ्ठ्यांना प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. स्मिअरच्या शेपटीकडे गठ्ठे दिसले तर सायट्रेटमध्ये परत सॅम्पल मागवायचं आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, का तर ते ९ ला १ वालं पातळ झालेलं असतं ना म्हणून. साधा अंदाज घ्यायचा तर मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन लेन्सखाली एका फील्डमध्ये (एका वेळी दिसतं तेवढ्या भागात) सरासरी किती दिसतात ते बघून १५ ते २० हजारांनी गुणायचं. डेंग्यूचंच अजून एक, एनएस१ (व्हायरसचंच प्रोटीन) पहिल्या चार-पाच दिवसांत पॉझिटिव्ह यायची शक्यता जास्त, आयजीएम (शरीराने बनवलेली अँटीबॉडी) त्यानंतर वर येतं, म्हणून तापाचा कितवा दिवस हे फॉर्मवर नसेल तर फोन करून विचारायचं, नाहीतर निगेटिव्ह आला याला काही अर्थ नाही.

स्मिअर काढायला मात्र पुस्तक कामाचं नाही. रोज वीस काढा, फेकून द्या, परत काढा. थेंब छोटा, स्पायडर नाही स्प्रेडर (आमच्या बॅचचा एक मुलगा तीन वर्षं स्पायडर म्हणायचा) तिरका धरून एका दमात पुढे, शेवट जिभेसारखा गोल आला पाहिजे. आणि पावसाळ्यातला मुंबईचा खास लोचा, हवेत एवढा दमटपणा असतो की स्लाइड वाळत नाही, मिथेनॉलची बाटली उघडी राहिली की ते पाणी ओढतं, आणि मग लाल पेशींत चमकदार बुडबुड्यासारखं काहीतरी दिसतं जे नवीन पोरांना पॅरासाइट वाटतं. पंख्याखाली झटकन वाळवा, लिशमनच्या रंगाची बाटली घट्ट बंद ठेवा, बफर ६.८ पीएचचं आहे ना बघा. मलेरियाला थिक आणि थिन दोन्ही, थिक स्मिअर मिथेनॉलने फिक्स करायचा नाही कारण त्यातलं हिमोग्लोबिन धुवून जायला हवं, आणि शंभर फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. शंभर म्हणजे शंभर. साठला कंटाळा येतो, मला अजूनही येतो.

जुन्या हाताने करायच्या मेथड, साली हिमोग्लोबिन, न्यूबॉअर चेंबर (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच), यांना नावं ठेवू नका, नोकरीत वापरणार नाही पण गणित तिथेच कळतं. सगळे पाठ करतात "डब्ल्यूबीसीला ५० ने गुणा". का ५०? चार कोपऱ्यातले चौकोन प्रत्येकी १ चौरस मिलिमीटर, खोली ०.१, म्हणजे आकारमान ०.४, डायल्युशन २० पट, २० भागिले ०.४ बरोबर ५०. झालं. एकदा कागदावर काढलंत की आयुष्यात विसरणार नाही, आणि एक्स्टर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) डायल्युशन बदलून विचारलं तरी फे फे उडणार नाही. १ ला १० डायल्युशन म्हणजे १ भाग सॅम्पल आणि ९ भाग डायल्युएंट, १० नाही, इथे अर्धा वर्ग मार खातो.

ब्लड बँकेला मुंबईच्या पोरांनी तरी कॉलर टाइट करून बसावं. १९५२ मध्ये आपल्या केईएममध्येच डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बॉम्बे ब्लड ग्रुप शोधला. शहराचं नाव बदललं, ग्रुपचं नाही बदललं. आता हा अभ्यासात कसा वापरायचा बघा. या लोकांकडे ए नाही, बी नाही, आणि ज्याच्यावर ए बी तयार होतात तो एच पण नाही. साध्या फॉरवर्ड ग्रुपिंगला (पेशींवरचे अँटिजन बघतात ते) ते लोक ओ सारखेच दिसतात. पण रिव्हर्स (सीरममधल्या अँटीबॉडी बघतात ते) करताना ओ सेल्स घातले की गठ्ठा होतो, कारण त्यांच्या सीरममध्ये अँटी-एच असतं. म्हणजे जो माणूस घाईत रिव्हर्स ग्रुपिंग टाळतो किंवा ओ सेल्स ठेवत नाही, तो या पेशंटला ओ लिहून मोकळा होणार, आणि ओ ची बॅग चढली तर जीव जाऊ शकतो, त्यांना फक्त बॉम्बेचंच रक्त चालतं. एवढी एक गोष्ट नीट समजली तर एच अँटिजन, लँडस्टायनरचा नियम (पेशीवर जो अँटिजन नाही त्याची अँटीबॉडी सीरममध्ये असते), क्रॉसमॅच (चढवण्याआधी दात्याचं रक्त पेशंटशी जुळतं का बघणं) कशाला, सगळं एका दोरीत ओवलं जातं. तान्ह्या बाळाला रिव्हर्स का करत नाहीत तेही स्वतः शोधा, उत्तर अँटीबॉडी कधी तयार होतात त्यात आहे.

मायक्रोबायोलॉजीत रंगांचे प्रोसिजर असतात ते स्वयंपाकासारखे शिका, कुठली पायरी जास्त झाली तर काय बिघडतं या अंगाने. ग्रॅम स्टेनमध्ये रंग उतरवायचं ॲसिटोन दोन सेकंद जास्त राहिलं की ग्रॅम पॉझिटिव्ह पण गुलाबी. टीबीच्या झेडएन स्टेनला ग्रेडिंग पाठच करावं लागतं, १०० फील्डमध्ये १ ते ९ जंतू दिसले तर स्कँटी आणि नेमका आकडा लिहायचा, १० ते ९९ म्हणजे १ प्लस, फील्डला १ ते १० म्हणजे २ प्लस, त्याहून जास्त ३ प्लस. आणि थुंकी आली की लाळ आलीय का ते आधी डोळ्याने बघा, लाळेवर कितीही छान स्टेन केला तरी निगेटिव्हच येणार.

हिस्टोपॅथला माझा हात कधी बसला नाही त्यामुळे फार ज्ञान देत नाही, टिशू १० टक्के फॉर्मलिनमध्ये आणि टिशूच्या निदान दहापट फॉर्मलिन, तुकडा डबीत कोंबायचा नाही, आणि मायक्रोटोमवर (टिशूचे पातळ काप काढायचं मशीन) बोटं सांभाळा.

क्वालिटी कंट्रोल हा विषय सगळ्यांना बोअर वाटतो आणि मुलाखतीत मात्र हाच विचारतात, एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबमध्ये तर पहिला प्रश्न. कंट्रोल म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असं सॅम्पल, त्याचे रोजचे आकडे मांडायचा लेव्ही-जेनिंग्ज चार्ट काढायला शिका, हाताने, ग्राफ पेपरवर. सरासरीच्या दोन्ही बाजूला २ एसडीमध्ये (एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन) साधारण ९५ टक्के आकडे पडतात, म्हणजे वीसातून एकदा कंट्रोल बाहेर जाणं हे नुसत्या नशिबानेही होतं, म्हणून १-२एस (एक आकडा २ एसडीबाहेर) ही फक्त वॉर्निंग, आणि १-३एस ला (एक आकडा ३ एसडीबाहेर) मात्र रिपोर्ट थांबवायचे. दहा आकडे सलग एकाच बाजूला पडले तर काहीतरी हळूहळू सरकतंय, रिएजंट, कॅलिब्रेशन, मशीनचा दिवा. कंट्रोल बाहेर गेला की परत परत लावत राहायचं आत येईपर्यंत, असं करणारे लोक तुम्हाला भेटतील, सिनियर असतील, त्यांच्याकडून बाकी सगळं शिका, हे सोडून.

मराठी मीडियमवाल्यांनो, मी पण तुमच्यातलीच. पहिले सहा महिने लेक्चर डोक्यावरून जातं, घाबरू नका, शब्द फोडायला शिका. पेनिया म्हणजे कमी, सायटोसिस म्हणजे पेशी वाढल्या, एमिया रक्तात, युरिया लघवीत. ल्यूकोपेनिया, पांढऱ्या कमी. हिमॅच्युरिया, लघवीत रक्त. असे तीसेक तुकडे आले की अर्धं पुस्तक उलगडतं. समजून मराठीत घ्या, लिहून मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच काढा, पेपर इंग्रजीत असतो. पुस्तकं नवी घ्यायची गरज नाही, पास आउट झालेल्या सिनियरकडून घ्या, त्यात पेन्सिलच्या खुणा पण फुकट मिळतात. मी वहीची पानं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून लोकलमध्ये ऐकायचे, लेडीज डब्यात उभं राहून पुस्तक उघडायला जागा कुठे असते. जर्नल त्याच दिवशी लिहा आणि सही घ्या, केटी लागण्याचं कारण बहुतेक वेळा डोकं नसतं, राहिलेलं जर्नल असतं.

आता सेफ्टी, हे ॲडमिशन झाल्या झाल्या वाचा. सुईला टोपी परत लावायची नाही, कधीच. सुया पांढऱ्या डब्यात, सिरिंज ग्लोव्हज आणि प्लॅस्टिक लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, काच निळ्यात, २०१६ च्या नियमात हेच आहे आणि व्हायव्हातही हेच. टोचलंच तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच सांगायचं, ओरडा बसेल म्हणून लपवायचं नाही, कारण एचआयव्हीचं पेप (लागण होऊ नये म्हणून टोचल्यानंतर घ्यायचं) औषध जमल्यास दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस चालतं. हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्याला असते, म्हणजे ॲडमिशनच्याच आठवड्यात पहिला डोस घेतला तर खरी पोस्टिंग सुरू होईपर्यंत तिन्ही होतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (लसीमुळे किती अँटीबॉडी तयार झाल्या ती टेस्ट) करून घ्या, १० च्या वर पाहिजे, आणि ते सॅम्पल स्वतः मशीनला लावू नका, मैत्रिणीला लावायला सांगा, आपलाच आकडा असला की माणूस कंट्रोल बघायला विसरतो.